टर्बो ट्रकची उष्णता जाते कुठे?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय खरोखरच तापलेला आहे: टर्बो डिझेल ट्रकच्या बॉनेटखालची उष्णता आणि तिचा इतिहास.

मी दिवसभर कोड लिहितो. एका मॉड्यूलमधला बग काढला की तो दुसरीकडे डोकं वर काढतो, हे आमचं रोजचंच. ट्रकमधल्या उष्णतेचंही सव्वाशे वर्षं असंच चाललंय. थोडी वापरता येते, पण उरलेली कुठेतरी टाकावीच लागते. मग टाकायची कुणाच्या अंगावर? आजची सगळी गोष्ट या प्रश्नाची आहे.

सुरुवात जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये. १८९७च्या फेब्रुवारीत रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. इंधनातली साधारण २६ टक्के ऊर्जा कामाला आली. त्या काळी वाफेची इंजिनं याच्या जवळपासही नव्हती, म्हणून सगळे खूश. पण उरलेले ७४ टक्के? त्यातले बहुतेक धुरातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून उष्णता होऊन निघून गेले.

हा धूर वाया का घालवायचा, असं एका स्विस इंजिनिअरला वाटलं. त्याचं नाव आल्फ्रेड ब्युखी. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतलं. कल्पना सोपी: गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं आणि ताकदही वाढते. हाच टर्बो. पण तो नीट जमायला वीस वर्षं गेली. १९२५च्या सुमारास आधी जहाजांच्या इंजिनांवर यश आलं. जहाजाला सोपं होतं म्हणा, थंड करायला अख्खा समुद्र बाजूला!

ट्रकला कुठला समुद्र? त्याच्याकडे एक रेडिएटर, एक पंखा आणि समोरून येईल तेवढा वारा. स्विस कंपनी साउररने १९३८ मध्ये ट्रकचं टर्बो इंजिन केलं. १९५४ मध्ये व्होल्वोचा टायटन टर्बो आला आणि १५० अश्वशक्तीचं इंजिन १८५ वर गेलं. त्याच वर्षी आपल्याकडे जमशेदपूरला टेल्कोने मर्सिडीज-बेंझसोबत ट्रक बनवायला घेतले. ते मात्र बिनटर्बोचे.

आता पुढचा बग. हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तेच. ३० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली की ती शंभर अंशांच्या वर जाते. गरम हवा विरळ असते, म्हणजे मेहनत करून कोंबलेल्या हवेचा अर्धा फायदा तिथेच गेला. यावर उपाय म्हणून इंटरकूलर आला आणि १९७०-८०च्या दशकांत ट्रकांमध्ये रुळला. हवा इंजिनात जाण्याआधी एका जाळीतून थंड करायची. पण ही जाळी बसवली कुठे? बहुतेक वेळा रेडिएटरच्या पुढ्यात! म्हणजे रेडिएटरच्या वाट्याला आता आधीच तापलेला वारा.

मग प्रदूषणाचे नियम आले. ईजीआरमध्ये थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडतात. त्याने घातक नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, पण धूर थंड करायचा भार पुन्हा कूलंटवर, म्हणजे रेडिएटरवर. काजळी अडवणारा फिल्टर साफ करायला तर त्यातली काजळी मुद्दाम ५००-६०० अंशांवर जाळतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि हे सगळं गरम सामान आपल्या ट्रकांतही आलं. शहरातली हवा सुधारावी म्हणून बॉनेटखाली गर्दी आणखी वाढली.

या सगळ्या हिशेबात एक माणूस कायम सुटला: ड्रायव्हर. आपल्याकडच्या कित्येक ट्रकांत इंजिनाचा उंचवटा थेट केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मांडीशेजारी असतो. बाहेर विदर्भातला मे महिना, शेजारी तापलेलं इंजिन. मग ड्रायव्हर काय करतो? वर गोणपाट किंवा गादी टाकतो आणि गाडी हाकतो. टर्बोला वाचवायलाही तोच. कसारा घाट चढून आल्यावर तो लगेच किल्ली बंद करत नाही, दोन-तीन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवतो. कारण एकदम बंद केलं तर तेल फिरायचं थांबतं आणि तापलेल्या टर्बोत जळून बसतं. यंत्राला गार व्हायला वेळ देणाऱ्या या माणसाला स्वतःला गार व्हायची सोय नव्हती.

साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती थेट २०२५ मध्ये. डिझेलच्या चाचणीनंतर १२८ वर्षांनी! गंमत बघा, एसीची गरम जाळीसुद्धा बहुतेकदा रेडिएटरच्याच पुढे बसते. उष्णतेने पुन्हा पत्ता बदलला. पण या वेळी ती माणसाच्या अंगावरून काढून यंत्राच्या अंगावर टाकली. हा सौदा मला पटतो. जुन्या ट्रकांचे ड्रायव्हर मात्र अजून त्याच गोणपाटाशेजारी बसलेत.

तुमच्या घरी, नात्यात कुणी ट्रक चालवत असेल तर त्यांना हा भाग ऐकवा. त्यांच्या केबिनमध्ये उन्हाळा कसा जातो, तेही विचारा आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!