बॉक्सर : खाटकाच्या दारातून दिवाणखान्यात

मघाशी चहाच्या वेळी एका जोडप्याने मला गाठलं. "मुलांसाठी बॉक्सर घ्यावा म्हणतोय. कसा असतो हो?" म्हटलं, दहा मिनिटांनी व्याख्यानातच सांगतो. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी म्युनिकला जावं लागेल.

जर्मनीत 'बुलेनबायसर' नावाची शिकारी कुत्र्यांची एक जात होती. नावाचा अर्थच बैलाला चावणारा. राजे-सरदारांच्या शिकारीत रानडुक्कर, अस्वल यांना दातांत धरून ठेवायचं आणि शिकारी येईपर्यंत सोडायचं नाही, हे त्याचं काम. नेपोलियनच्या युद्धांनंतर ते दरबार आणि त्या शिकारी ओसरल्या. मग हा कुत्रा गेला खाटकांकडे आणि गुरांच्या व्यापाऱ्यांकडे. मालक बदलला तरी धरून ठेवायचं काम तेच राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी म्युनिकच्या गेओर्ग आल्टने फ्रान्सहून फ्लोरा नावाची कुत्री आणली. तिला स्थानिक कुत्र्यापासून जो मुलगा झाला, तोच पुढे तिच्याशी जुळवला. हो, आईशीच. त्यातून जी पिल्लं झाली त्यांतली एक शेकन. तिचा संबंध टॉम नावाच्या इंग्रजी बुलडॉगशी आणला आणि झाला फ्लोकी. बॉक्सरच्या वंशनोंदवहीतला पहिला क्रमांक त्याचा. 1895 साली म्युनिकच्या प्रदर्शनात बॉक्सर लोकांपुढे आला. आज जगभर पसरलेल्या या जातीची मुळं अशा मोजक्या घरांत, मोजक्या कुत्र्यांत आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी व्यक्ती म्हणजे फ्रीडरुन श्टोकमान. रीगामध्ये जन्मलेली ही मुलगी शिल्पकला शिकायला म्युनिकला आली आणि बॉक्सरमध्ये अडकली ती कायमची. तिच्या 'फोम डोम' या कुत्र्यांच्या घराण्याने या जातीला रूप दिलं. पहिल्या महायुद्धात बॉक्सर लष्करात गेले. त्यांच्यातला रोल्फ परत आला आणि म्हातारपणी पुन्हा प्रदर्शन जिंकला! 1930 च्या दशकात मात्र पैशांची चणचण होती. सिगर्ड, लुस्टिग असे तिचे उत्तमोत्तम नर अमेरिकेला विकले गेले. लुस्टिग आणि उट्झ हे सख्खे भाऊ, आणि दोघेही सिगर्डच्याच वंशातले. अमेरिकेतला बॉक्सर उभा राहिला तो मुख्यतः अशा चार नरांवर. 1951 साली तिथला 'बँग अवे' वेस्टमिन्स्टरच्या मानाच्या प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ ठरला आणि मग घरोघरी बॉक्सर हवा झाला.

एका बाजूला मागणी वाढत होती आणि दुसरीकडे रक्त तेच ते. 2005 मध्ये कुत्र्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रथम प्रसिद्ध झाला, तो ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा. साठ जातींच्या कुत्र्यांची तपासणी करून बॉक्सर निवडला, कारण त्याच्यातली जनुकीय विविधता फार कमी, म्हणजे वाचायला सोपा. शास्त्रज्ञांची सोय झाली खरी, पण त्या कुत्र्याच्या नशिबाचं काय?

उजव्या हृदयकप्प्याच्या स्नायूचा एक आजार या जातीत वंशपरंपरेने येतो. कुत्रा दिसतो ठणठणीत, उड्या मारतो आणि एक दिवस घेरी येऊन पडतो, कधी उठतच नाही. चोवीस तासांच्या हृदयाच्या आलेखात, होल्टर म्हणतात त्याला, तो बऱ्याचदा आधी कळतो. म्हणून त्या जोडप्याला माझं सांगणं : पिल्लाचा रंग, पायाचे पांढरे मोजे नंतर बघा. आई-बापांच्या हृदयतपासणीचा कागद आधी मागा. विक्रेता हसला, तर तिथून उठा.

पांढऱ्यावरून आठवलं. 1925 साली जर्मन क्लबने पांढरे बॉक्सर नोंदवहीतून बाद केले. जातीची जननी मानलेली मेटा स्वतः मोठ्या पांढऱ्या डागांची होती, हे सोयीने विसरून! आई-बाप दोघेही पांढऱ्या मोज्यांचे असले की सरासरीने चारातलं एक पिल्लू पांढरं निघतं. त्यांतली काही बहिरी असतात, म्हणून आणि प्रदर्शनाला चालत नाहीत म्हणून कित्येक जन्मताच मारली गेली. पांढरं पिल्लू घ्यायला हरकत नाही, कानांची तपासणी तेवढी करून घ्या.

बाकी घरात कसा असतो? पोरांचा वेडा. तीन वर्षांचा झाला तरी पिल्लूच. लाळ गाळतो, घोरतो, पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवतो. पण नाक आखूड, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणं त्याला जड जातं. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपूरच्या दुपारी त्याला फिरवायला नेलंत, तर जिवावर बेतेल. पहाटे नेणार असाल, रोज तासभर, तरच विचार करा. आता तुमचे प्रश्न घेतो.