एसएमएसचे पाच आणि व्हॉट्सॲपचे पाच

व्हॉट्सॲपवर एखादा मेसेज पाचापेक्षा जास्त चॅटना एकदम फॉरवर्ड होत नाही, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पण हा आकडा आपल्याकडे आधी एकदा येऊन गेलाय.

दिवाळीला एसएमएस पॅक चालायचा नाही, आठवतंय? कंपन्या त्याला 'ब्लॅकआउट डे' म्हणायच्या आणि प्रत्येक शुभेच्छेचे वेगळे पैसे कापायच्या. त्यात 27 सप्टेंबर 2011 पासून ट्रायने दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली (लवकरच ती 200 केली). हेतू जाहिरातवाल्यांना आवरायचा होता. पण 2009 मध्ये जन्मलेल्या व्हॉट्सॲपला आयतं रान मोकळं मिळालं. नेट पॅक मारला की मेसेज मोजायचं कारणच उरलं नाही.

ऑगस्ट 2012. आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवांचे मेसेज फिरले आणि बंगळुरू, पुण्यातून ईशान्येकडची मुलं भीतीने मिळेल त्या रेल्वेने गावी निघाली. केंद्राने 15 दिवसांसाठी पाचापेक्षा जास्त एसएमएस पाठवायला बंदी केली. ओरड झाली, मर्यादा 20 वर आली, मग मुदतही संपली. आदेश बरा-वाईट कसाही असो, तो कोणी काढला आणि शिव्या कोणाला घालायच्या, हे माहीत होतं.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी. टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर तेव्हा देशभर फिरत होत्या. पण एप्रिल 2016 पासून तिथला मजकूर एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाही. केंद्राने कंपनीला खडसावलं. त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरती पाच चॅटची मर्यादा जाहीर केली आणि जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लावली. मजकूर दिसत नाही, तर नळ बारीक करा, असा हिशेब. यावेळी ना सरकारी आदेश, ना मुदत. निर्णय कॅलिफोर्नियातला.

मला ही मर्यादा योग्यच वाटते. पण ती उद्या वाढली किंवा उठली, तर दाद कुठे मागायची?

सरकारने 2021 च्या नियमांत मेसेज मुळात कोणी पाठवला ते शोधून द्या म्हटलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल 2024 मध्ये तिच्या वकिलांनी तिथे सांगितलं, एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर आम्ही भारतातून जाऊ. आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळेचा गृहपाठ, ऑफिसची रजा, सगळं आता त्याच ॲपवर आहे.