आपला जिल्हा, आपापली माती

सातारच्या आपल्या शाळेत कोण कुठून आलंय हे ओळखायला हजेरीपट लागत नसे. पावसाळ्यात जावळी-पाटणच्या मुलांच्या दप्तरांना कुबट वास यायचा. माणच्या मुलांचे पाय धुळीनं पांढरे असायचे. आम्ही कोरेगावकडचे, उसाची कांडी चघळत येणारे आणि म्हणून स्वतःला सुखवस्तू समजणारे. मधल्या सुट्टीत वाद ठरलेला, कुणाचा मुलूख भारी?

या वादाचं मूळ भूगोलाच्या सरांनी फळ्यावर एका रेघेत दाखवलं होतं. ती रेघ म्हणजे सह्याद्री. समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्याला अडतात आणि तिथंच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच्या माणदेशात जेमतेम पाचशे. मधे कृष्णेचं काळं रान. आणि हे सगळं एकाच जिल्ह्यात!

नववीत सरांनी प्रत्येकाला आपल्या गावाचा नकाशा काढून आणायला सांगितला. माणच्या मित्रानं उघडा माळ, बांध आणि मेंढरांचा वाडा काढला. आम्ही हसलो, "यात काढायला आहेच काय?" तो शांतपणे म्हणाला, "आमच्यात लांबवर दिसतं." १९७२ च्या दुष्काळात त्याची आई खडी फोडायला जात होती, हे आम्हाला नंतर कळलं.

पण मला आजही टोचतो तो दुसरा नकाशा. कोयनाकाठच्या मित्रानं नदी, भातखाचरं, देऊळ, पार, प्रत्येक घर अगदी नावानिशी काढलं होतं. सरांनी विचारलं, "हे गाव कुठं आलं?" तो म्हणाला, "पाण्याखाली." मी मोठ्यानं हसलो. मला ती गंमत वाटली होती. गाव बुडालं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आजीनं सांगितलं तसं त्यानं काढलं होतं. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो नकाशा भिंतीवर सगळ्यांच्या मधोमध लावला.

पुढं मी इतिहास शिकवू लागलो, तेव्हा त्या नकाशाचा अर्थ उलगडत गेला. १९५० च्या दशकात कोयनेचं काम सुरू झालं. शिवसागर भरू लागला तशी खोऱ्यातली गावं उठली. कुणी वर डोंगरात सरकलं, कुणाला परजिल्ह्यात जमीन मिळाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि जे मागे राहिले होते त्यांचीही घरं पडली. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने चालले, आपल्या वर्गातला दिवाही पेटला. ज्यांनी गाव दिलं, त्यांच्या कित्येक वस्त्यांवर मात ती वीज फार उशिरा पोचली.

आज चित्र बदललंय. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यांत आपलं कास पठार आणि कोयना अभयारण्य आहे. माणमधल्या टाकेवाडीनं श्रमदानानं पाणी अडवलं आणि २०१८ च्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिला क्रमांक मिळवला. "यात काढायला आहेच काय" असं आम्ही ज्या माळाला म्हणालो, त्याच माळावर लोकांनी उन्हातान्हात चर खणले. फुलं बघायला सगळेच जातात. रखरखीत माळावर जीव लावायला तिथलंच असावं लागतं.

मागच्या मे महिन्यात मी कोयनाकाठच्या त्या मित्राकडं गेलो होतो. पाणी ओसरलं होतं. होडीतून उतरून आम्ही गाळातून चालत गेलो. चौथऱ्यांचे दगड उघडे पडले होते. "हा पार, हे देऊळ, हे आमचं घर," तो दाखवत गेला. सगळं नकाशात होतं तसंच, त्याच जागी. चाळीस वर्षांनी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, तू हसलास म्हणून तर सरांनी तो मधे लावला!"

सर आज आपल्यात नाहीत. या मेळाव्याला येताना प्रत्येकानं आपल्या गावाचा नकाशा पुन्हा एकदा काढून आणावा, एवढीच विनंती. या वेळी कुणी कुणाला हसणार नाही.