सभोवती ध्वनी पुनर्प्रकाशन

जुने ध्वनिमुद्रण श्रोत्याच्या चहूबाजूंनी ऐकू यावे अशा रीतीने नव्याने मिसळून प्रसिद्ध करणे म्हणजे सभोवती ध्वनी (सराउंड साउंड) पुनर्प्रकाशन होय. त्याचा दर्जा यंत्रांपेक्षा मूळ फितीवर अधिक अवलंबून असतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा रॉक अल्बम १६ पट्ट्यांवर मुद्रित झाला होता. त्यामुळे ॲलन पार्सन्स यांचे चौवाहिनी मिश्रण आणि जेम्स गथ्री यांचे २००३ मधील ५.१ मिश्रण, ही दोन्ही मूळ सामग्रीतूनच सिद्ध झाली. २०११ च्या संचात ती एकत्र असल्याने तुलना सहज करता येते.

मुंबईत निर्माण झालेल्या ‘मुघल-ए-आझम’चे (१९६०) तसे नव्हते. त्याचा ध्वनी एकवाहिनी होता. १२ नोव्हेंबर २००४ रोजी प्रदर्शित झालेल्या रंगीत आवृत्तीसाठी संगीतकार नौशाद यांच्या देखरेखीखाली उत्तम सिंग यांनी वाद्यसंगीत नव्याने मुद्रित केले. लता मंगेशकर व इतर गायकांचे स्वर मात्र मूळचेच राखले. म्हणून या कामास निव्वळ पुनर्मिश्रण न म्हणता अंशतः पुनर्निर्मिती म्हणणे युक्त ठरते. श्रोत्यास मागून ऐकू येणारी व्हायोलिने १९६० ची नव्हेत, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावे.

एकाच पट्टीवर मिसळलेली वाद्ये संगणकाद्वारे अलग करण्याचे तंत्र पुढे विकसित झाले. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) अल्बमच्या २०२२ मधील आवृत्तीत त्याचा उपयोग झाला आहे.