मसुरीचे सॅव्हॉय : मालकी आणि स्मृती

वसाहतकालीन वास्तूचा इतिहास बहुधा खरेदीखतांच्या क्रमाने लिहिला जातो. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलपुरता हा क्रम थोडक्यात सांगता येतो. लखनौचे बॅरिस्टर सेसिल लिंकन यांनी जुन्या इंग्रजी शाळेच्या जागेवर उभारलेले हे हॉटेल १९०२ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास ते जौहर या भारतीय कुटुंबाकडे आले आणि एकविसाव्या शतकात कंपनी-व्यवस्थापनाखाली गेले.

सॅव्हॉयची प्रचलित ओळख मात्र एका मृत्यूने घडवली. १९११ मध्ये फ्रान्सेस गार्नेट-ऑर्म ही प्रेतविद्येत रस असलेली स्त्री तेथे विषाने मरण पावली. अगाथा ख्रिस्ती यांच्या पहिल्या कादंबरीशी (१९२०) या प्रकरणाचा संबंध जोडला जातो.

त्याच १९२० सालची दुसरी घटना त्यामुळे झाकोळली. तहाच्या वाटाघाटींसाठी आलेले अफगाण शिष्टमंडळ सॅव्हॉयमध्ये उतरले होते. आजारी आई व पत्नीसह तेथेच राहिलेल्या जवाहरलाल नेहरूंकडे, शिष्टमंडळाशी संपर्क न ठेवण्याची हमी मागण्यात आली. ती नाकारल्याने त्यांना मसुरी सोडावी लागली. जूनमध्ये अलाहाबादेत प्रतापगढहून चालत आलेल्या शेतकऱ्यांशी त्यांची गाठ पडली. किसान चळवळीतील आपल्या प्रवेशाचा दुवा नेहरूंनी आत्मचरित्रात (१९३६) या हद्दपारीशी जोडला आहे.

रहस्यकथेला हॉटेलची बंद खोली पुरते. आत्मचरित्रात त्याच हॉटेलवर राज्यसत्तेची पाळत दिसते. मालकी बदलत गेली, तरी वास्तूबरोबर पुढे गेली ती मुख्यतः पहिली कथा. सॅव्हॉयच्या वाङ्मयीन इतिहासात दुसरीलाही तितकेच स्थान द्यावे लागते.