निनावी पोराचा कागद

मराठी ऐतिहासिक कादंबरीविषयी एक मत इतके रुळले आहे की त्याला आता कोणी हटकत नाही. ज्याच्या नावाचा कागद नाही, त्याच्यावर ऐतिहासिक कादंबरी होत नाही, असे ते मत. छत्रपती, पेशवे, सरदार यांची पत्रे आहेत, बखरी आहेत, शकावल्या आहेत. आईबाप नसलेल्या, जातीने टाकलेल्या पोराचे काय आहे? त्याच्यावर लिहायचे तर लेखक आजचीच वेदना जुन्या अंगरख्यात उभी करणार. ती करुणकथा होईल, इतिहास होणार नाही.

हे मत मांडणारे हलक्या मनाचे नाहीत. कागदाशी इमान राखावे, ही त्यांची तळमळ खरी आहे. सोयीचे प्रसंग रचून थोरांच्या तोंडी वाटेल ते घालणारी पुस्तके आपण सगळ्यांनीच वाचली आहेत. ‘स्वामी’सारखी कादंबरी 1962 साली आली आणि पेशवाईचा काळ घरोघर पोचला, तो थोर पुरुषाच्या चरित्रातूनच, हेही मान्य. एवढे सगळे मान्य करूनही मी म्हणतो की हे मत चुकीचे आहे. वाचकांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निवाडा द्यावा.

पहिला मुद्दा कागदाचा. पोराने कागद लिहिला नाही, हे खरे. पण त्याच्याविषयी कागद लिहिला गेला नाही, असे कोणी ठरवले? 1559 साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्यासाठी हुकूम निघाला. हिंदूंची जी मुले पोरकी होतील, ती ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजाकडे सोपवावीत आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असा तो हुकूम. आरंभी पोरके म्हणजे आईबाप आणि आजीआजोबा यांपैकी कोणीच नसलेले मूल. पुढे हा अर्थ ताणला गेला. बाप मेला की मूल पोरके, मग घरात आई जिवंत असली तरी. वसई-चौलसारख्या उत्तरेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांतही अशा मुलांच्या ताब्याचा प्रश्न धुमसत राहिला.

हा हुकूम आता रेवदंड्यात उभे राहून वाचा. रेवदंडा म्हणजे पोर्तुगिजांचे खालचे चौल. लगतच वरचे चौल, ते निजामशाहीचे. दोन्हींमधले अंतर पायी तासाभराचेही नाही. रेवदंड्याच्या तटात आजही सातखणीचा मनोरा उभा आहे, भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या. तटाच्या आत बाप वारलेले पोर ही सरकारी बाब होती. तेच पोर रात्रीतून वरच्या चौलात पोचले, तर नुसते बापाविना पोर. आईने किंवा चुलत्याने त्याला उचलले असेल, तर ते या वाड्यांमधूनच. गोव्यातून आणि उत्तरेच्या ठाण्यांतून मुलांसह पळालेल्या कुटुंबांच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. कादंबरीकाराला आणखी कोणता कागद हवा? हुकूम आहे, वाट आहे, भीती आहे. फक्त नाव नाही. नाव द्यायला तर कादंबरीकार असतो.

हे परक्यांच्या जुलमापुरते आहे, असेही कोणी समजू नये. गणेश चिमणाजी वाडांनी निवडून काढलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीत कुणबिणींच्या नोंदी आहेत. विकलेल्या, बक्षीस दिलेल्या, एका कारखान्यातून दुसऱ्याकडे धाडलेल्या बायका. त्यांच्याबरोबर त्यांची पोरे. कुठे नाव आहे, कुठे नुसती किंमत. ही पोरे कोणाच्या वंशावळीत गेली? कोणाच्याच नाही. आपल्या दप्तरात ती आहेत, आपल्या कादंबरीत नाहीत. हा दोष दप्तराचा नव्हे.

दुसरा मुद्दा परंपरेचा. ऐतिहासिक कादंबरी थोरांचीच, ही मराठीची रीत आहे, असे सांगतात. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी कोणती? रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’, 1871. तिचा गड कल्पित, मुख्य पात्रे कल्पित. शिवकाल आहे तो भोवतीच्या हवेसारखा. म्हणजे रीतच पाहायची तर ती आमच्या बाजूची निघते. राजाला मध्यभागी बसवणारी रीत नंतरची.

मराठीबाहेर पाहा. इटलीच्या मान्झोनीची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ 1827 साली आली. नायक रेन्झो रेशीम विणणारा, पोरवयातच आईबापांना मुकलेला. काळ सतराव्या शतकातला, लोम्बार्दीतल्या दुष्काळाचा आणि प्लेगाचा. रेन्झोचा कागद मान्झोनीला कुठे मिळाला? मिळाला नाही. त्याने त्या काळच्या सरकारी जाहीरनाम्यांचा अभ्यास केला, ते कादंबरीत जसेच्या तसे उतरवले आणि त्या हुकमांखाली चिरडला जाणारा एक माणूस उभा केला. इटलीने ती करुणकथा म्हणून बाजूला सारली नाही. आपली थोर कादंबरी मानली. मान्झोनीला जाहीरनामे पुरले. आपल्याला 1559 चा हुकूम का पुरू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार आहे. गुलामीची, पोरकेपणाची चीड ही आजची भावना. ती जुन्या माणसांच्या माथी मारू नये, असे म्हणतात. मग शिवछत्रपतींनी 1677 साली डचांना दिलेल्या कौलात बायका-पुरुषांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली, ती कोणत्या शतकातली? पोरासाठी रात्रीतून घरदार सोडणारी आई कोणते आधुनिक पुस्तक वाचून निघाली होती? चीड त्या काळातच होती. ती लिहून ठेवण्याचे साधन थोड्यांच्या हाती होते, एवढेच.

आणि कादंबरीला ताण हवा असेल, तर तोही याच कागदांत आहे. 1676 मध्ये नेताजी पालकरांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेतले गेले. ते सरदार होते, त्यांच्यासाठी छत्रपती उभे होते. बाप्तिस्मा झालेले दहा वर्षांचे पोर तटाबाहेर पळाले, तर त्याच्यासाठी कोण उभे राहिले? पादऱ्याच्या लेखी ते ख्रिस्ती, फिरंग्याच्या लेखी काळे, जातीच्या लेखी बाटलेले. ते कोणत्या विहिरीचे पाणी प्याले? या एका प्रश्नावर चारशे पानांची कादंबरी उभी राहते, आणि त्यातले एकही पान इतिहासाबाहेर जात नाही.

1740 मध्ये पोर्तुगिजांनी चौल सोडले. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या गडाखाली, त्यांच्या वेळचे काही ख्रिस्ती कुळवाडी मागे राहिले. त्यांच्या घरात आजही पोर्तुगीज शब्दांची एक बोली आहे. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. बाहेर मराठी, आत ही. एका संध्याकाळी कोर्लईत अंगणात सुकट गोळा करणारी एक आजी या बोलीत नातवाला घरात बोलावत होती. मला शब्द कळला नाही. पोराला कळला, ते हातातला चेंडू टाकून धावत आत गेले. त्या घरातली पहिली आई किंवा पहिले पोरके पोर कोण होते, हे कोणत्याही दप्तरात नाही. पण ते होते. नसते, तर ती हाक त्या भाषेत आली नसती.