अलूबुखारा फसला, बोर टिकली



सहा वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी अंगणात अलूबुखाऱ्याचं कलम लावलं. नर्सरीवाला म्हणाला, "आपल्याकडं बी येतंय की." झाड वाढलं, सावली दिली, फळ एक नाही. नंतर कळलं, या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशाखालची थंडी लागते. ती हिमाचल-काश्मीरात मिळते, लातूर-नांदेडात कुठली?

आपला अलूबुखारा म्हणजे बोर. इंग्रजीतही तिला 'इंडियन प्लम' म्हणतात. अन् तिचा इतिहास आमच्या घरातच आहे.

आजी सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, पिकं गेली, पण बांधावरच्या बोरी जगल्या. बोरीचं सोटमूळ लई खोल जातं. उन्हाळ्यात पानं गाळून झाड झोपतं, पावसाळ्यात उठतं.

त्याच दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली अन् रोजगार हमी राज्यभर पसरली. २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. १९९० ला याच योजनेला फळबाग जोडली. खडी फोडलेले हात स्वतःच्या रानात खड्डे घेऊ लागले. अण्णांनी तेव्हा माळावर उमराण बोर लावली. ही जात मूळची राजस्थानातली. जागेवर गावरान बोरीचं बी टोकायचं अन् त्या रोपावर उमराणचा डोळा भरायचा.

पुढं सोयाबीन आलं. बोरांना भाव मिळेना, काट्यात तोडणीला माणूस येईना. अण्णांनी स्वतःच बाग तोडली. त्या दिवशी घरात कुणाशी बोलले नाहीत. घराजवळचं एक झाड तेवढं ठेवलं.

मागल्या वर्षी अलूबुखारा काढून तिथं गावरान बोर लावायची ठरवली, तर बी मिळेना! बांध कोरताना जेसीबीनं सगळ्या बोरी उपटलेल्या. शेवटी ओढ्याकाठी एक सापडली. औंदा जुलैत तिच्या रोपावर डोळा भरला. डोळा अण्णांनी काढला. त्यांचा हात थरथरतो, म्हणून पट्टी मी बांधली. फुटलाय.

आता दर उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, झाड झोपेत असताना छाटणी करायची. बोर नव्या फुटीवरच लागते, छाटायला भ्यायचं नाही.

उमराणचा डोळा कुठूनही आणता येईल. खालचं गावरान मूळ कुठून आणणार? म्हणून बांध कोरताना जेसीबीवाल्याला एवढंच सांगा: बाबा, बोर तेवढी सोड.